पाद्रीबाबांचा चक्रवाढ हिशेब

लोकसंख्येचा विषय निघाला की माल्थसचे नाव निघते, आणि नाव निघाले की कोणाच्या तरी कपाळाला आठी पडते. दुष्काळ, साथी आणि लढाया यांची तरफदारी करणारा, गरिबांच्या घरी पाळणा हलू नये म्हणणारा, काळीज नसलेला इंग्रज पाद्री अशी त्याची प्रतिमा गेली दोनशे वर्षे लोकांच्या मनात घट्ट बसून आहे. त्याचे चरित्र वाचायला घेतले की हाती लागतो तो एक उंचापुरा, मवाळ स्वभावाचा, विद्यार्थ्यांनी प्रेमाने टोपणनाव ठेवलेला मास्तर. आणि त्याहून मोठे आश्चर्य म्हणजे, माणसांसाठी मांडलेला त्याचा हिशेब माणसांच्या खात्यात पुढे बराचसा जमेना, पण हरणे, पाखरे आणि किडामुंगी यांच्या खात्यात तो पैन् पै जमला. आज जीवशास्त्राचा विद्यार्थी प्राण्यांच्या संख्येचे गणित शिकू लागतो तेव्हा त्याची सुरुवात या पाद्रीबाबांपासून होते.

थॉमस रॉबर्ट माल्थसचा जन्म १३ फेब्रुवारी १७६६ चा. लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात डॉर्किंग गावाजवळ त्याच्या वडिलांचे रूकरी नावाचे घर होते. वडील डॅनिएल माल्थस सुखवस्तू, वाचनवेडे आणि नव्या विचारांचे. बाळ तीन-चार आठवड्यांचे असताना या घरी जे पाहुणे येऊन गेले, त्यांत फ्रेंच विचारवंत रूसो आणि स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम होते. माणूस मुळात चांगला असतो, वाईट असते ती समाजाची रचना, अशा मताचे वारे त्या घरात खेळत होते. मुलाचा मात्र वरचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले होते. आज असे मूल शस्त्रक्रियेने काही महिन्यांतच सुधारते. त्या काळी त्याला तोच चेहरा आणि तोच अनुनासिक उच्चार घेऊन जन्म काढावा लागे.

केंब्रिजच्या जीझस कॉलेजात तो १७८४ मध्ये दाखल झाला आणि १७८८ मध्ये गणितात नववा रँग्लर म्हणून उत्तीर्ण झाला. रँग्लर म्हटले की आपल्याला परांजपे आठवतात; ही पदवी काय पराक्रमाने मिळे हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पुढे काय, हा प्रश्न आल्यावर त्याने धर्मोपदेशक व्हायचे ठरवले. बोलण्यातल्या दोषामुळे चर्चमध्ये वर चढता येणार नाही, असे त्याला कॉलेजच्या प्रमुखांनी सुचवून पाहिले. पण त्याची अपेक्षा खेड्यातल्या एका लहानशा चर्चपलीकडे नव्हतीच.

ते चर्च त्याला ओकवुडला मिळाले, घरापासून काही मैलांवर. तिथली वस्ती शेतमजुरांची. कुडाच्या झोपड्या, जेवणात मुख्यतः पाव, आणि प्रत्येक दारात पोरे. बाप्तिस्मा आणि दफन यांच्या नोंदी ठेवणे हे पाद्र्याचे काम. या नोंदवहीत दफनांपेक्षा बाप्तिस्मे कितीतरी जास्त भरत होते. मी आयुष्यभर खतावण्या पाहिल्या आहेत. जमेच्या आणि खर्चाच्या रकान्यांत वर्षानुवर्षे असे अंतर पडत राहिले, तर ही शिल्लक अखेर जाणार कुठे, हा प्रश्न हिशेबाची सवय असलेल्या माणसाला पडल्यावाचून राहत नाही. रँग्लर पाद्र्यालाही तो पडला असला पाहिजे.

फ्रेंच राज्यक्रांतीने जुने जग मोडले होते आणि नवे जग कसे असेल याची स्वप्ने सगळीकडे रंगवली जात होती. इंग्लंडमध्ये विल्यम गॉडविन म्हणत होता, की संपत्ती समान वाटली गेली आणि माणूस विवेकाने वागू लागला की दारिद्र्य, तुरुंग, युद्धे काही उरणार नाही. फ्रान्समध्ये कोंदोर्सेने तर क्रांतिकारकांपासूनच लपून बसलेला असताना मानवाच्या अमर्याद प्रगतीचे पुस्तक लिहिले आणि १७९४ मध्ये तुरुंगात प्राण सोडला. डॅनिएलरावांना हे विचार फार प्रिय. मुलाला ते पटेनात. बापलेकांत वाद रंगला. बाप आशावादी आणि तिशीतला मुलगा शंकेखोर, असे उलटे घर ते. हा वाद नीट लिहून काढावा म्हणून मुलगा बसला आणि १७९८ मध्ये लेखकाच्या नावाशिवाय एक पुस्तक बाहेर पडले. लोकसंख्येच्या तत्त्वावरचा निबंध तो हाच.

त्यातला मुख्य हिशेब चक्रवाढ व्याजाचा आहे. अमेरिकेतल्या वसाहतींत जमीन भरपूर, खाणे भरपूर. तिथली वस्ती दर पंचवीस वर्षांनी दुप्पट होत होती. पंचवीस वर्षांत दुप्पट म्हणजे दर साल शेकडा पावणेतीनच्या आसपास. बँकेच्या काउंटरवर हा दर सांगितला तर ठेवीदार पाठ फिरवील. १९८८ मध्ये किसान विकास पत्रे निघाली तेव्हा साडेपाच वर्षांत दामदुप्पट म्हणून लोकांनी रांगा लावल्या होत्या. पण पावणेतीन टक्क्यांचे हे किरकोळ व्याज दोनशे वर्षे मुद्दलात मिसळत गेले, तर एकाचे २५६ होतात. धान्याचे तसे नाही. नवी जमीन मोडा, खत घाला, पाट काढा; दर पंचवीस वर्षांनी आजच्या उत्पन्नाइतकी भर त्यात पडत गेली, तरी दोनशे वर्षांत एकाचे नऊच होतील. २५६ तोंडे आणि ९ घास. हे कधी प्रत्यक्षात येणार नाही, हे माल्थसला पुरेपूर ठाऊक होते. त्याचे म्हणणे एवढेच, की ज्या अर्थी २५६ तोंडे दिसत नाहीत, त्या अर्थी वाटेत कुठेतरी काट बसते आहे. ती उपासमारीने बसते, रोगाने बसते, लढाईने बसते किंवा मुळात जन्मच कमी झाल्याने बसते.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. मुंबईच्या उच्च न्यायालयानेही हिंदू ऋणकोच्या बाबतीत हा नियम मानला होता. सावकाराचे व्याज कागदावर कितीही फुगो, एक रेघ आली की थांबायचे. निसर्गाच्या वहीतही अशी रेघ आहे, असे माल्थस सांगत होता. आणि हे सांगताना निबंधाच्या सुरुवातीलाच त्याने झाडे आणि प्राणी माणसांच्या पंक्तीला घेतले होते. बी आणि पिल्ले निसर्ग उधळ्या हाताने देतो, जागा आणि अन्न मात्र मोजून देतो.

ही रेघ ओलांडली की काय होते, याचा एक दाखला विसाव्या शतकातला आहे. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचे निर्जन बेट आहे. १९४४ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तिथे २९ रेनडिअर नेऊन सोडले. तिथल्या ठाण्यावरच्या लोकांना अडीअडचणीला खाण्यासाठी ही सोय. युद्ध संपले, माणसे निघून गेली, हरणे राहिली. बेटावर लांडगा नाही. जमिनीवर, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या नात्यातले, जाड थर साचलेले. रेनडिअरचा हिवाळ्यातला आवडता चारा. १९५७ मध्ये मोजले तेव्हा १,३५० हरणे होती. १९६३ मध्ये ६,०००. पहिल्या तेरा वर्षांचा दर काढला तर शेकडा ३४ च्या घरात जातो. दगडफूल वाढते कासवाच्या गतीने. ते संपत आले, हरणे रोडावली आणि १९६३-६४ चा हिवाळा विलक्षण कडक निघाला. १९६६ मध्ये जीवशास्त्रज्ञ पुन्हा बेटावर गेले तेव्हा जमीन हाडांनी भरली होती आणि जिवंत हरणे ४२ होती. त्यांतल्या ४१ माद्या. एकमेव नराची शिंगेही धड नव्हती आणि कळपात पाडस एकही नव्हते. पुढे काही वर्षांत बेट पुन्हा निर्जन झाले.

माल्थसकडे अशी मोजदाद नव्हती, आणि पहिल्या निबंधात आकड्यांपेक्षा तर्कच जास्त आहे हे त्यालाही टोचत होते. म्हणून १७९९ मध्ये तो केंब्रिजच्या मित्रांबरोबर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया असा हिंडला. बाजारातले भाव, मजुरीचे दर, लग्नाची वये त्याने रोजनिशीत टिपून ठेवली. नॉर्वेत त्याला एक गोष्ट फार आवडली. तिथला शेतगडी स्वतःची झोपडी आणि जमिनीचा तुकडा मिळेपर्यंत लग्न करत नसे. लग्ने उशिरा, मुले बेताची, आणि माणसे धडधाकट. म्हणजे काट उपासमारीनेच बसायला हवी असे नव्हते. माणूस पुढचे पाहून आधीच हात आखडता घेऊ शकत होता. हरणाला हे जमत नाही.

१८०३ मध्ये निबंधाची दुसरी आवृत्ती निघाली. या वेळी नावानिशी आणि आकाराने कितीतरी मोठी. उशिरा लग्न आणि तोवर संयम, हा उपाय तिच्यात आला. पण त्याच आवृत्तीत एक उताराही आला, ज्याने त्याची कायमची बदनामी केली. निसर्गाच्या भरल्या पंगतीत ज्याचे पान मांडलेले नाही त्याने उठून जावे, अशा अर्थाची ती कल्पना होती. पुढच्या आवृत्तीत त्याने ती गाळून टाकली. लोकांनी गाळली नाही. छापलेले वाक्य आणि दिलेला धनादेश परत घेता येत नाही.

आपल्या उपदेशाप्रमाणे तो स्वतः अडतिसाव्या वर्षी, १८०४ मध्ये, हॅरिएट एकर्सॉलशी विवाहबद्ध झाला. त्याला तीन मुले झाली. टवाळांनी मात्र तो अकरा मुलींचा बाप असल्याची आवई उठवली आणि ती पुस्तकांतूनही फिरत राहिली.

आता या गोष्टीत आपला मुलूख येतो. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात पाठवायच्या तरुण अंमलदारांसाठी एक कॉलेज काढले. आधी हर्टफर्डला, मग १८०९ पासून हेलीबरीला. १८०५ मध्ये माल्थस तिथे इतिहास आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. कलेक्टर होऊ घातलेली ही पोरे पंधरा ते वीस वयाची, वांड. दंगे करीत, खिडक्या फोडीत. पण माल्थसला ती मायेने पॉप म्हणत. पॉप म्हणजे पॉप्युलेशनचे लघुरूप. लेखिका हॅरिएट मार्टिनो त्याच्याकडे पाहुणी म्हणून गेली होती. ती बहिरी, कानाला कर्णा लावून ऐकणारी. टाळू दुभंगलेल्या माणसाचे बोलणे आपल्याला काय कळणार, अशी तिला धास्ती होती. प्रत्यक्षात त्याचे स्वर इतके स्वच्छ होते की कर्ण्यावाचून तिला सगळे ऐकू आले.

हेलीबरीच्या त्याच्या हुशार विद्यार्थ्यांपैकी एक रॉबर्ट कीथ प्रिंगल. शेतीचा सगळा खर्च वजा जाता उरते ते निव्वळ उत्पन्न, आणि खंड त्यातूनच येतो, हा सिद्धान्त माल्थस आणि त्याचा मित्र रिकार्डो यांनी १८१५ च्या सुमारास मांडला होता. प्रिंगल तो डोक्यात घेऊन पुणे जिल्ह्यात आला. पेशवाई जाऊन दहा-बारा वर्षे झाली होती. त्याने शेताशेताची प्रतवारी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. कागदावर हिशेब निर्दोष होता. पण निव्वळ उत्पन्न काढायचे कसे, हे हाताखालच्या कारकुनांवर सोपवलेले, आणि त्यांनी जिथे हात ओले झाले तिथे आकडे हलवले. सारा झेपेना, शेते पडीक पडली, रयतेने गावे सोडली. अखेर ती पद्धत सोडून १८३५ मध्ये इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी सुरू केली. गुरूच्या हिशेबाचा असा पहिला वापर आपल्या मावळ-देशावर झाला.

माल्थस २९ डिसेंबर १८३४ रोजी बाथला वारला. त्याच वर्षी इंग्लंडने गरिबांविषयीचा नवा कायदा केला. मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये या, तिथे नवऱ्याने एकीकडे आणि बायकोने दुसरीकडे राहायचे. या कायद्यामागे माल्थसचे विचार होतेच.

त्याच्या मृत्यूला चार वर्षेही झाली नव्हती तेव्हा, सप्टेंबर १८३८ च्या अखेरीस, लंडनमध्ये एकोणतीस वर्षांच्या एका तरुणाने विरंगुळा म्हणून त्याचा निबंध वाचायला घेतला. हा चार्ल्स डार्विन. बीगल जहाजातून जग हिंडून आलेला आणि एका कोड्याने झपाटलेला. जिकडे पाहावे तिकडे जीव आपापल्या जागेला बेतून शिवल्यासारखा बसतो. वाळवंटातल्या निवडुंगाला पानांचे काटे, बदकाच्या पायाला पडदा. हे बेतले कोणी? माल्थसच्या वहीत डार्विनला उत्तराचा अर्धा भाग सापडला. जन्म पुष्कळ, जागा थोडी, म्हणून काट बसणार. उरलेला अर्धा त्याने स्वतः लिहिला. एका विणीची पिल्लेही एकसारखी नसतात. मग काट सर्वांवर सारखी कशी बसेल? ज्याला तिथल्या थंडीत, तिथल्या खाण्यावर थोडे बरे निभावते ते मागे राहते, आणि त्याची पिल्ले त्याच्यासारखी होतात. पुढे डार्विनने हत्तीसारख्या संथ प्राण्याचाही चक्रवाढ हिशेब करून पाहिला. एका जोडीपासून ७५० वर्षांच्या आत एक कोटी नव्वद लाख हत्ती. वीस वर्षांनी, १८५८ मध्ये, आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांत तापाने फणफणलेल्या आल्फ्रेड रसेल वॉलेसलाही तेच सुचले, आणि त्यालाही, पूर्वी वाचलेला माल्थसच आठवला होता. दोन माणसे, दोन खंड, एकच पुस्तक.

त्याच १८३८ साली बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट नावाच्या गणितज्ञाने निसर्गाच्या रेघेचे समीकरण मांडले. वस्ती आधी भरभर वाढते, मग जागा भरत जाईल तसा वेग मंदावतो आणि पेलेल तेवढ्या संख्येवर ती स्थिरावते. हा गृहस्थ चव्वेचाळिसाव्या वर्षी वारला आणि त्याचे समीकरण विस्मरणात गेले. १९२० मध्ये ते अमेरिकेत पुन्हा शोधले गेले. आज मासेमारीचा कोटा ठरवताना किंवा अभयारण्यात किती जनावर पोसेल हे पाहताना सुरुवात याच वळणापासून होते.

काट आणि बेत यांचा सांधा कोणी डोळ्यांनी पाहिला काय? पाहिला. गालापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्ने मेजर या खडकाळ बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून चिमणीएवढ्या फिंच पक्ष्यांच्या पायांत कडी घालून एकेकाची चोच मोजत होते. १९७७ मध्ये पाऊस जवळजवळ आलाच नाही. मऊ, बारीक बी पाखरांनी वेचून संपवले. उरली ती कठीण, काटेरी फळे; पायवाटेवर अनवाणी पायात घुसतो त्या आपल्याकडच्या सराट्याच्या भावकीतली. ती फोडायला दणकट चोच लागते. वर्ष संपेपर्यंत मध्यम चणीच्या फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के मेले. जगले त्यांच्या चोचीची जाडी सरासरीने जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने जास्त होती. एकाही पाखराची चोच मोठी झाली नाही. लहान चोचीची पाखरे गेली, एवढेच. पुढची पिढी जाड चोचीची निपजली. मग १९८३ मध्ये धो धो पाऊस पडला, बारीक बियांचे रान माजले, आणि लहान चोचीवाल्यांचे दिवस आले. जुळवून घेणे म्हणतात ते असे असते. त्याला शेवटची पायरी नसते.

डॅफ्नेवर दाणा घेऊन कोणते जहाज येणार नव्हते. बरोबर शंभर वर्षे आधी, १८७७ मध्ये, दख्खनवर दुष्काळ होता. इथे मात्र आगगाड्या होत्या, बंदरे होती आणि हिंदुस्थानातून गहू इंग्लंडला जातच होता. व्हाइसरॉय लिटन लोकसंख्या अन्नाच्या पुढे धावते हेच सूत्र मानणारा. त्याने रिचर्ड टेंपलला पाहणीस धाडले. टेंपलही हेलीबरीचाच, माल्थसच्या पश्चात शिकलेला. तीनच वर्षांपूर्वी याच टेंपलने बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून जवळजवळ कोणाला मरू दिले नव्हते, आणि खर्च फार केला म्हणून बोलणी खाल्ली होती. या वेळी त्याने खडी फोडणाऱ्या बाप्याची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा यांवर आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मुंबई इलाख्यात हजारो उपाशी मजुरांनी कामे सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे तक्रारी लिहून धाडल्या. दोन वर्षांत ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांवर माणसे गेली. ही काट निसर्गाच्या खात्यावर टाकणे सरकारला सोयीचे होते. पाद्रीबाबांचे पुस्तक त्यासाठी हाताशी होते.

त्याच्या नावाची दुसरी ओढाताण उलट दिशेने झाली. संततिनियमनाच्या साधनांना माल्थसचा नैतिक कारणांसाठी विरोध होता. त्याला हवा होता तो संयम. तरी जगभर साधनांचा पुरस्कार करणारे स्वतःला नव-माल्थसवादी म्हणवू लागले. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, नोकरी गमावली. तेही गणिताचेच प्राध्यापक होते, हा योगायोग मला फार आवडतो.

माल्थसने लिहिले तेव्हा जगात शंभर कोटीही माणसे नव्हती. २०२२ मध्ये ती आठशे कोटींवर गेली. १९१३ पासून हवेतल्या नायट्रोजनपासून खत कारखान्यात होऊ लागले, मग संकरित बियाणे आले. रेघ वर सरकत गेली. आणि सुबत्ता आल्यावर मुले वाढतील ही त्याची अटकळ उलटी पडली. मुली शिकल्या, जन्मलेली मुले जगू लागली, तसे पाळणे कमी झाले. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे मुलांचे प्रमाण १.७ निघाले. नॉर्वेतल्या शेतगड्याचे माल्थसला झालेले कौतुक इथे आठवते. अर्थात खताच्या गोणीमागे जळणारा नैसर्गिक वायू आणि खाली जाणारे विहिरीचे पाणी या रकमा कोणत्या खात्यावर पडताहेत, ते अजून पुरते लिहून झालेले नाही.

बाथच्या जुन्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे. त्याच्या तीन मुलांपैकी धाकटी ल्यूसी त्याच्या देखतच, ऐन तारुण्यात गेली. हेन्री आणि एमिली यांची लग्ने झाली, पण दोघांनाही मूल झाले नाही. माल्थसचा थेट वंश तिथेच थांबला.